नळीवरची तूरडाळ

पोलिसातून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. आता मी बीदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामावर पहारेकऱ्यांचा मुकादम आहे. पण अजूनही किराणा दुकानात गेलो की माझा हात आधी तुरीच्या डाळीच्या पोत्यात जातो. चार दाणे तळहातावर घेतो आणि त्यातला कोणता सपाट बसेल ते बघतो. दुकानदाराला वाटतं, म्हातारा डाळीची पारख करायलाय. बायकोला खरं कारण माहीत आहे. ती म्हणते, "ठिवा ते खाली. शिजवायची हाय, बंदुकीवर ठेवायची न्हाई."

मी राखीव पोलिसात चौदा वर्षं गोळीबार शिकवायचं काम केलं. शिकवणाऱ्याला आमच्यात उस्ताद म्हणतात, मग तो कुठल्याही घरातून आलेला असो. मी मंठाळचा, बौद्ध घरातला. वडील शेती करायचे. बंदूक म्हणजे जत्रेत फुगे फोडायची, एवढीच आमच्या घराची माहिती. भरती झालो तेव्हा आईनं एकच विचारलं होतं, "आवाज लई येतोय का रं तिचा?" पुढे शिकवायला लागल्यावर कळलं, की आईनं या धंद्यातला सगळ्यात मुद्द्याचा प्रश्न विचारला होता.

कारण नवीन माणूस बंदुकीला घाबरत नाही, तिच्या आवाजाला घाबरतो. चाप ओढायच्या आधीच त्याच्या कानात तो आवाज वाजतो. डोळे मिटतात, खांदा आक्रसतो, बोट हिसका मारतं आणि गोळी टार्गेट सोडून मागच्या मुरुमाच्या ढिगात जाते. हा हिसका घालवायला दोन उपाय आहेत. एक, भरपूर गोळ्या झाडू देणं. दुसरा, रिकाम्या रायफलीचा चाप इतक्या वेळा दाबायला लावणं, की बोटाला त्याचं काही वाटेनासं होईल. पहिला उपाय सगळ्यांना आवडतो. दुसऱ्याला आम्ही कोरडा सराव म्हणायचो आणि त्यात निम्मी माणसं झोपायची.

गोष्ट सांगतोय त्या वर्षी पहिला उपाय राहिलाच नाही. गोळ्यांची टंचाई होती. आमच्याकडे गोळ्या येतात त्या आधी बंदोबस्ताला, मग निवडणुकीला आणि त्यातून उरल्या तर शिकणाऱ्यांना. त्या वर्षी काही उरलं नाही. शिकाऊ बॅचला माणशी दहा गोळ्या मंजूर झाल्या आणि त्या दहाही परीक्षेच्याच. सरावाला शून्य. म्हणजे पोहणं सतरंजीवर शिकवायचं आणि परीक्षा विहिरीत घ्यायची, असा प्रकार. मी तसं वर बोललोही. वरून उत्तर आलं, "उस्ताद, तुम्ही अनुभवी आहात." सरकारी भाषेत याचा अर्थ, तुमचं तुम्ही बघा.

बघायला बसलो. पहिल्या आठवड्यात मुलांनी स्वतःच तोड काढली. चाप दाबायचा आणि तोंडानं "ठो" म्हणायचं. चाळीस जण पालथे पडून ठो ठो करताहेत आणि तेवढ्यात एक मोठे साहेब पाहणीला आले. औरादकडचा यल्लप्पा म्हणून एक आळशी, पण मनानं मोकळा गडी होता. तो भान विसरून "ढिश्यूं ढिश्यूं" करत होता. साहेब बराच वेळ ऐकत उभे राहिले आणि मला म्हणाले, "पिक्चर कधी लागणार?" त्या दिवसापासून तोंडानं आवाज बंद.

मग एका दुपारी मेसमधला स्वयंपाकी सुपात डाळ निवडत बसलेला दिसला आणि मला सुचलं. तुरीच्या डाळीचा दाणा एका बाजूनं फुगीर आणि दुसऱ्या बाजूनं सपाट असतो. सपाट बाजू खाली करून तो रायफलीच्या नळीच्या टोकाशी ठेवला तर बसतो, पण जेमतेम. चाप दाबताना बोटानं जरा जरी हिसका मारला, की दाणा खाली. बोट मऊपणानं गेलं तर दाणा जागच्या जागी. माझ्या सांगण्यापेक्षा दाणा खाली पडणं मुलांना जास्त पटायचं, कारण दाण्याशी वाद घालता येत नाही. रायफल तीनदा उघडून रिकामी असल्याची खात्री करायची, एकानं पालथं पडून नेम धरायचा, दुसऱ्यानं बाजूला बसून डाळ ठेवायची. दोन दिवसांत झोपा बंद झाल्या. पैजा लागायला लागल्या. मला लोक "दाळवाले उस्ताद" म्हणायला लागले आणि मेसचा स्वयंपाकी मला बघितलं की सूप उचलून आत न्यायचा.

एक अडचण मात्र होती. आमची रायफल खरी गोळी सुटली की आपली आपण पुढची गोळी आत घेते. रिकामी असली की तिच्यात तेवढं बळ नसतं. चाप एकदा "टक" वाजला, की डाव्या हातानं बाजूचा दांडा मागं ओढून सोडावा लागतो, तेव्हा कुठं तो पुन्हा दाबता येतो. याला कॉक करणं म्हणतात. तर आमच्या सरावाचा ताल ठरला: टक, कॉक, डाळ. टक, कॉक, डाळ. खऱ्या गोळ्या झाडताना कॉक फक्त सुरुवातीला एकदाच करायचा असतो, हे मी पहिल्याच दिवशी फळ्यापुढे उभं राहून सांगितलं होतं. सांगितलं आणि पुढच्या विषयाकडे वळलो. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. मी ठेवली नाही.

त्या बॅचमध्ये चिटगुप्प्याची सुवर्णा होती. शेतकरी घरातली सून, पंचविशीची, अंगानं किरकोळ. ती भरती झाली तेव्हा तिची मुलगी सात महिन्यांची होती. सासूनं पोर सांभाळायचं कबूल केलं होतं, पण एकाच बॅचपुरतं. पास झालीस तर नोकरी कर, नापास झालीस तर गुमान घरी ये, असा साधा करार. सुवर्णाला महिन्यातून एक रविवार घरी जायला मिळायचा. एका सोमवारी ती डोळे सुजवून आली. मी विचारलं तर म्हणाली, "लेकरू मला अक्का म्हणायलंय उस्ताद. शेजारच्या पोरीला म्हणतंय तसंच." मग नाक पुसून रायफल घ्यायला गेली.

बाकीचे डाळीचा खेळ खेळायचे, ही मात्र राबायची. जेवणाची सुट्टी झाली तरी पालथीच असायची. शंभर वेळा चाप, शंभर वेळा कॉक आणि डाळ जागेवर. मी तिला एकच मंत्र दिला होता: नळीच्या टोकावरची ती छोटी खुंटी असते, माशी म्हणतात तिला, तिच्यावरून नजर हलवायची नाही. आभाळ कोसळलं तरी नाही. तिनं तो मंत्र अक्षरशः घेतला. तिचा डावा हात तर असा चालायचा, की मी बाकीच्यांना गोळा करून दाखवायचो. "बघा, हात कसा जातोय. न बघता. ह्याला म्हणायचं सराव." हे मी म्हणालो आहे, अनेक साक्षीदारांसमोर.

पुन्हा एकदा मोठे साहेब आले. या वेळी ते नळीवरच्या डाळी बघून खूश झाले. स्वतः पालथे पडले आणि त्यांची डाळ पहिल्याच चापाला पडली. मग तर फारच खूश झाले. म्हणाले, "उस्ताद, ही पद्धत लिहून द्या. सगळ्या जिल्ह्यांत पाठवू." एका स्थानिक पेपरात माझा फोटोही आला, हातात रायफल आणि चेहऱ्यावर मोठ्या शास्त्रज्ञाचा भाव. मी ते कात्रण पाकिटात ठेवलं. खोटं कशाला बोलू, दिवसातून दोनदा बघायचो.

आता खाजामियाँची ओळख करून द्यायला हवी. खाजामियाँ आमचे आर्मरर, म्हणजे हत्यारं साफ ठेवणारे, दुरुस्त करणारे. बीदर शहरातलेच, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. त्यांची सगळी कमाई एकच होती आणि ती ते भेटेल त्याला सांगायचे: इतक्या वर्षांत त्यांच्या हातची एकही रायफल रेंजवर अडकली नाही. कुणी "रायफल अटकली" म्हणून तक्रार घेऊन आला, की ते रायफल उघडून त्याच्यासमोर चालवून दाखवायचे आणि म्हणायचे, "मियाँ, तुम अटके. ये नै अटकी." आम्ही दोघं रोज अकराचा चहा बरोबर प्यायचो. मी मराठीत बोलायचो, ते दख्खनीत आणि शिव्या दोघंही कानडीत द्यायचो.

परीक्षेचा दिवस उजाडला. आमची रेंज म्हणजे गावाबाहेरची लाल मुरुमाची टेकडी. परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातून आले होते, कानडी बोलणारे, शांत गृहस्थ. नियम सोपा: दहा गोळ्या, दोन मिनिटं आणि टार्गेटवर किमान सहा लागल्या पाहिजेत. टंचाईमुळे पुन्हा संधी नाही. परीक्षा चालू असताना उस्तादानं दोरीच्या मागं उभं राहायचं, अवाक्षर काढायचं नाही. रेंजवर एकच आवाज, परीक्षकांचा. हा नियम जीव वाचवायला असतो, त्यामुळे तो मोडायचा विचारही कुणाच्या मनात येत नाही.

दहा जणांची पहिली रांग सतरंज्यांवर पालथी पडली. सुवर्णा मधोमध, तिच्या उजवीकडे यल्लप्पा. हुकूम झाला. पहिल्या बारात टेकडीवरचे पक्षी उडाले आणि माझी छाती फुगली, कारण कुणाचाही खांदा दचकला नव्हता. मग मी खाली बघितलं.

सुवर्णानं गोळी झाडली. रायफलीनं आपली आपण दुसरी गोळी आत घेतली. आणि सुवर्णाचा डावा हात, न बघता, मी शिकवला होता तसा गेला आणि त्यानं कॉक केलं. आत बसलेली न झाडलेली गोळी उजवीकडून उडून बाहेर पडली. पिवळीधमक, साबूत. तिनं पुढची झाडली. पुन्हा हात. पुन्हा एक गोळी उजवीकडे, यल्लप्पाच्या सतरंजीवर.

इतरांनीही केलं, एकदा, फार तर दोनदा. मग खऱ्या आवाजानं आणि धक्क्यानं भानावर येऊन थांबले. यल्लप्पानं तर एकदाही केलं नाही. कोरडा सराव त्यानं इतका कमी केला होता, की त्याच्या हाताला कसली सवयच लागली नव्हती. सुवर्णा मात्र भानावर येणार कशी? तिची नजर माशीवर होती आणि आभाळ कोसळलं तरी तिथून हलायची नव्हती. मी दोरीमागं मुठी आवळून उभा होतो. पाच गोळ्या टार्गेटवर गेल्या, पाच यल्लप्पाच्या सतरंजीवर. तो नंतर मला म्हणाला, "उस्ताद, मला वाटलं मला जास्तीच्या देयलेत."

टार्गेटं तपासली. बाकीचे काठावर का होईना सुटले. यल्लप्पाला आठ. सुवर्णाच्या कागदावर पाच छिद्रं होती आणि पाचही एका वाटीखाली झाकली गेली असती. त्या दिवशीची सगळ्यात सुंदर नेमबाजी. परीक्षक म्हणाले, "ऐदु." पाच. एक कमी. नापास.

सुवर्णाला काही कळलंच नव्हतं. ती टार्गेटकडे बघत हसत होती. मग यल्लप्पानं सतरंजीवरच्या पाच गोळ्या तिला दाखवल्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे. मी जवळ गेलो तर तिनं हळूच विचारलं, "उस्ताद, मी तर तुमी शिकिवल्यावानीच केले न्हवं?" उत्तर मला माहीत होतं. मी वाकून तिची रायफल रिकामी आहे का ते तपासायला लागलो.

परीक्षक चांगले गृहस्थ होते. त्यांनी सतरंजी बघितली, टार्गेट बघितलं आणि मला बाजूला बोलावलं. "एन्री उस्ताद, एनातु?" काय झालं, म्हणून. त्यांनी एक फॉर्म काढला आणि समजावून सांगितलं, की पुन्हा संधी द्यायची झाली तर दोनच कारणं चालतात. हत्यारात दोष किंवा गोळीत दोष. गोळ्या तर धडधाकट समोर पडल्या आहेत. तेव्हा त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "रायफल अडकली होती का?"

इथं मी जे केलं ते सांगायला इतकी पानं खर्ची घातली. मी विचार करायला लागलो. रायफल अडकली म्हणावं तर खाजामियाँ दहा पावलांवर हत्यारांच्या टेबलाशी उभे. नाही म्हणावं तर सुवर्णा संध्याकाळी ट्रंक घेऊन चिटगुप्प्याला. आणि खरं सांगावं, की साहेब, रायफलीत दोष नाही, पोरीत नाही, दोष शिकवण्यात आहे, तर फॉर्मवर तसा रकाना नव्हता. पण रकाना नव्हता म्हणून मी गप्प राहिलो, असं म्हणणं ही निव्वळ थाप. तोंडानं सांगायला रकाना लागत नाही. ते गृहस्थ ऐकणारे होते, काहीतरी वाट काढलीच असती. मला डोळ्यांपुढे पाकिटातलं कात्रण दिसत होतं. सगळ्या जिल्ह्यांत जाणारं टिपण दिसत होतं आणि त्यावर लाल शाईची फुली. मी घसा खाकरला. पुन्हा खाकरला.

तेवढ्यात मागून बूट आपटल्याचा आवाज आला. खाजामियाँ सलाम ठोकून उभे होते.

"साब, रायफल अटकी थी. स्प्रिंग कमजोर है. मेरी गलती."

परीक्षकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लिहून देणार?"

"देतूं साब."

खाजामियाँनी टेबलावर वाकून सही केली. मग यल्लप्पाच्या सतरंजीवरच्या पाच गोळ्या एक एक उचलून आपल्या रुमालानं पुसल्या आणि दुसऱ्या रायफलीच्या मॅगझिनमध्ये भरल्या. मी सुवर्णाजवळ उकिडवा बसलो. "एकदाच कॉक. मंग डावा हात रायफल सोडणार न्हाई. बास." तिनं मान हलवली. पहिली गोळी सुटली आणि तिच्या डाव्या हाताची बोटं उचललीच. अर्धा क्षण हवेत थांबली आणि परत रायफलीवर बसली. पुढच्या चार वेळा तेच, बोटं उचलायची आणि बसायची. पाचातल्या चार लागल्या. एकूण नऊ. बॅचमध्ये पहिली.

सुवर्णा नोकरीत आहे, चांगली आहे. मुलगी आता शाळेत जाते आणि आईला आई म्हणते. माझं टिपण सगळ्या जिल्ह्यांत गेलं. पाठवायच्या आधी त्यात मी एक ओळ वाढवली, की कॉक करायचं काम डाळ ठेवणाऱ्या जोडीदारानं करावं, नेम धरणाऱ्यानं करू नये. का, ते लिहिलं नाही. आज पहिल्यांदाच लिहितोय.

खाजामियाँची ती रायफल तपासायला वर गेली. तिच्यात काही दोष सापडला नाही, स्प्रिंग ठणठणीत होती. त्यामुळे उलट जास्तच झालं. हत्यार नीट न तपासताच चुकीचं कारण लिहून दिलं, म्हणून त्यांना लेखी ठपका आला. नोकरीतला पहिला आणि शेवटचा, कारण पाच महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी भाषणात कुणीतरी गमतीनं त्या अडकलेल्या रायफलीचा उल्लेख केला. सगळे हसले. खाजामियाँही हसले. मी टाळ्या वाजवल्या, दुसरं काय करणार.

पण परीक्षेच्या दिवशीच दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. ते हत्यारखान्याच्या दारात स्टुलावर बसून तीच रायफल पुसत होते. चहा आला होता आणि निवून गेला होता. मी म्हणालो, "खाजाभाई, चूक माझी व्हती. तुमी कामून बोललात?"

"मालूम है," ते म्हणाले आणि पुसत राहिले.

"मंग?"

त्यांनी नळीतून आरपार उजेडाकडे बघितलं, समाधान झाल्यासारखी मान हलवली आणि रायफल भिंतीला टेकवून ठेवली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"मैं तुमारी राह देख्या, उस्ताद. बहुत देख्या. साब पेन जेब में रखने लगे, तब गया."